हवाई बेटांवरील उन्हाळी व्यापारी वारे आणि लाटा

हवाईची मुख्य बेटे उत्तर पॅसिफिक महासागरात सुमारे 19° ते 22° उत्तर अक्षांशांदरम्यान आहेत. मे ते सप्टेंबर या काळात तेथे ईशान्येकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांचा अंमल असतो. या महिन्यांत 80 ते 95 टक्के वेळ हेच वारे वाहतात. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात हे प्रमाण 50 ते 80 टक्क्यांवर येते. उन्हाळ्यात बेटांच्या ईशान्येस समुद्रावर जास्त दाबाचे विस्तीर्ण केंद्र ठाण मांडून बसते. त्यातून विषुववृत्ताकडे निघालेली हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळते आणि ईशान्येचा वारा होऊन बेटांवर येते. हिवाळ्यात हे केंद्र दक्षिणेला सरकते, उत्तरेकडची वादळे बेटांच्या जवळून जातात आणि वाऱ्यांत खंड पडू लागतो. हिंदी महासागरातील दक्षिण गोलार्धाचे व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून नैऋत्य मोसमी वारे बनतात आणि कोकणात पाऊस आणतात. हवाईत वाऱ्याची अशी ऋतुमानानुसार उलटापालट होत नाही.

हे वारे हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेले असल्याने दमट असतात, पण त्यांच्यातले ढग फार उंच वाढू शकत नाहीत. साधारण 1,500 ते 2,500 मीटर उंचीवर खाली उतरणाऱ्या कोरड्या, उबदार हवेचा थर असतो. या तापमान विपरीततेच्या थरापाशी ढगांची वाढ खुंटते. कोणत्या डोंगरावर किती पाऊस पडेल, हे बरेचसे या थरावर ठरते. कवाई बेटावरील वायलेआले हे शिखर 1,569 मीटर उंच, म्हणजे सहसा थराच्या खालीच. त्यामुळे ढग थेट माथ्यावर चढून बरसतात आणि तेथे वर्षाकाठी 9,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. त्याच बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, पंचवीसेक किलोमीटरवर, तो जेमतेम 500 मिलिमीटर असतो. हवाई बेटावरील मौना केआ 4,207 मीटर उंच आहे. तेथे दमट वारा माथा ओलांडण्याऐवजी डोंगराला वळसा घालून जातो, पाऊस मधल्या उतारांवर पडतो आणि शिखर कोरडे राहते. खगोलशास्त्रीय दुर्बिणींसाठी ते निवडले जाण्यामागे हेही एक कारण आहे.

वातसन्मुख बाजूला उन्हाळी पाऊस बहुधा रात्री आणि पहाटे, लहान लहान सरींनी येतो. रात्री ढगांचे माथे उष्णता गमावून थंड होतात, म्हणून सरींना जोर चढतो. हवाई बेटाचा कोना किनारा मात्र वेगळा आहे. मौना केआ आणि मौना लोआ यांच्या आडोशामुळे व्यापारी वारा तेथे पोहोचतच नाही. दिवसा खारे वारे उतारावर चढतात आणि दुपारनंतर पाऊस देतात. कोनाच्या प्रसिद्ध कॉफीला हाच उन्हाळी पाऊस मिळतो.

दोन बेटांमधल्या खाड्यांत आणि डोंगरांमधल्या खिंडींत वारा दाटून वेग घेतो. माउई आणि हवाई या बेटांमधली आलेनुइहाहा खाडी त्यासाठी नावाजलेली आहे, आणि छोट्या होड्यांना तेथे जपूनच जावे लागते. माउईच्या मधल्या सखल पट्ट्यातही दुपारी वारा जोर धरतो. उत्तर किनाऱ्यावरील होओकिपा येथे शिडाच्या फळीवरून लाटा कापणारे जगभरातून येतात, ते याच वाऱ्यासाठी. वारा पडला की होनोलुलूत उकाडा असह्य होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असे दिवस येतात.

हा वारा नेहमीच सुखद नसतो. 8 ऑगस्ट 2023 रोजी उत्तरेकडील जास्त दाबामुळे तो विलक्षण सोसाट्याचा झाला होता. दक्षिणेला बऱ्याच अंतरावरून डोरा हे चक्रीवादळही जात होते. पश्चिम माउईच्या डोंगरांवरून खाली झेपावलेल्या वाऱ्याने लाहाइना शहरातील आग पसरवली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. उसाच्या पडीक मळ्यांत माजलेले, उन्हाळ्यात वाळलेले परदेशी गवत आगीला आयतेच सापडले.

उन्हाळ्यात किनाऱ्यांवर दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या लाटा येतात. पहिल्या या वाऱ्यानेच जवळपासच्या समुद्रावर उठवलेल्या. त्यांचा कालावधी सहा ते दहा सेकंदांचा, अंतरे आखूड आणि पृष्ठभाग खडबडीत असतो. पूर्वेकडील किनाऱ्यांवर त्या जवळजवळ रोज आदळतात. दुसऱ्या लाटांचा या वाऱ्याशी काहीही संबंध नाही. हवाईत उन्हाळा असतो तेव्हा न्यूझीलंडच्या आसपासच्या दक्षिणी समुद्रात हिवाळी वादळे घोंघावत असतात. तेथे निघालेल्या लांब लाटांचे समूह सहा-सात दिवसांत सुमारे 7,000 किलोमीटर अंतर तोडून दक्षिण किनाऱ्यांवर पोहोचतात. लांब कालावधीच्या लाटा वेगाने जातात, म्हणून 18 ते 20 सेकंदांच्या लाटा आधी येतात आणि पुढच्या दिवसांत कालावधी उतरत जातो. वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मापनकेंद्रे उभारून अशा लाटांचा माग काढला. अर्धा गोलार्ध ओलांडूनही लाटांची शक्ती फारशी कमी होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष सागरविज्ञानातील मोलाच्या निष्कर्षांपैकी एक आहे.

होनोलुलूतील वाइकिकीचा किनारा दक्षिणेला तोंड करून आहे. त्यामुळे दक्षिणी लाटा समोरून येतात आणि व्यापारी वारा पाठीमागून, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा वारा उभ्या राहणाऱ्या लाटेचा पुढचा भाग गुळगुळीत ठेवतो आणि तिला चटकन कोसळू देत नाही. खाली प्रवाळाचा तळ हळूहळू उथळ होत जात असल्याने लाट लांबवर, सावकाश फुटते. ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक काहानामोकू (1890–1968) याच पाण्यात घडले. त्याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर याच्या उलट स्थिती असते. हिवाळ्यात प्रचंड लाटांसाठी ओळखला जाणारा वाइमेआ उपसागर उन्हाळ्यात बहुधा तळ्यासारखा शांत असतो.

दक्षिणी लाटा सलग येत नाहीत. चार-सहा मोठ्या लाटांचा गट येतो आणि मग कित्येक मिनिटे समुद्र निवांत दिसतो. दूरवरून येणाऱ्या लाटांत ही विश्रांती लांबते आणि नवख्यांची फसगत होते, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरून बराच वेळ निरीक्षण करावे लागते. पूर्व किनाऱ्यांवर वाऱ्यासोबत पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर हे दंश करणारे निळसर जीव वाहून येतात. वाइकिकीसारख्या आडोशाच्या किनाऱ्यांवर पौर्णिमेनंतर आठ-दहा दिवसांनी बॉक्स जेलीफिश आढळतात.

लाटेची उंची सांगण्याची स्थानिक रीतही ठाऊक असावी लागते. हवाईतील जुने सर्फर लाट मागच्या बाजूने मापतात, तर हवामान खाते समोरच्या बाजूने. त्यामुळे खात्याची आठ फुटांची लाट त्यांच्या तोंडी साधारण चार फुटांची असते.