कर्ती कोण?

सत्यवानासाठी सावित्री यमाच्या मागे गेली. बायकोसाठी त्या वाटेवर एक पाऊल टाकणारा नवरा कुणी ऐकला आहे का? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’मध्ये विचारलेल्या प्रश्नाचा हा आशय. कथा तीच ठेवून त्यांनी प्रश्न तेवढा पुरुषांकडे वळवला. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील स्त्री अभ्यास केंद्राला त्यांचेच नाव आहे. पुराणकथांच्या स्त्रीवादी पुनर्कथनाच्या अभ्यासात शिरायला त्यांच्या प्रश्नाचा हा उंबरठा मला फार योग्य वाटतो.

या अभ्यासातला कळीचा शब्द आहे कर्तेपण. घरातला ‘कर्ता’ म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतो, आणि पुराणातही तोच असणार असे आपण धरून चालतो. पण पैठणच्या एकनाथांचे ‘रुक्मिणी स्वयंवर’ (१५७१) उघडून पाहा. भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारून रुक्मिणी स्वतः कृष्णाला पत्र धाडते. त्याआधी सुमारे तीन शतके महानुभाव पंथाच्या महदाइसेने हीच कथा धवळ्यांत, म्हणजे लग्नगीतांत, गायिली होती. आज मात्र मुलीचे लग्न जमावे म्हणून ‘रुक्मिणी स्वयंवरा’ची पारायणे होतात. कथेतली मुलगी वर निवडते आणि वाचणारी स्थळाची वाट पाहते. कथा कुणाच्या हाती कशासाठी येते, हे तपासणे म्हणूनच अभ्यासाचा निम्मा भाग आहे.

कर्तेपण म्हणजे दर वेळी बंडच असेल, असेही नाही. जात्यावर बायकांनी सीतेचा वनवास गायिला तो स्वतःचा सासुरवास सांगण्यासाठी; देवीच्या नावाने त्यांना आपले दुःख बोलता आले. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधली (१९६७) गांधारी आयुष्याच्या अखेरीस, वनात, डोळ्यांवरची पट्टी सोडते. ती कृती लहानच आहे, पण तिच्यामुळे आधीच्या साऱ्या वर्षांकडे आपण नव्याने पाहू लागतो.

नव्या अभ्यासकांनो, संस्कृत येत नाही म्हणून दाराशी अडून राहू नका. ते शिकता येईल. घरात कुणाला जात्यावरची ओवी आठवत असेल तर आधी ती लिहून घ्या, आणि तिच्याखाली गाणारीचे नाव व गाव लिहा. कथेतल्या कर्तीचा शोध घेताना कथा सांगणारी निनावी राहता कामा नये.