आज्ञापालन व आशीर्वाद (ख्रिस्ती)

देवाची इच्छा ओळखून तीप्रमाणे वागणे आणि त्याची कृपा अनुभवणे यांचा ख्रिस्ती जीवनातील संबंध. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या २८व्या अध्यायात आज्ञा पाळणाऱ्यांना पीक, गुरे, संतती यांचे वरदान सांगितले आहे. यावरून देवाशी व्यापार मांडण्याचा मोह होतो; ईयोबाची कथा त्याला छेद देते. गेथशेमाने बागेतील येशूचे आज्ञापालन तर क्रूसावर संपले. प्रॉटेस्टंट परंपरेत आज्ञापालन हे कृपेचे मोल नसून फळ आहे. बीदर जिल्ह्यातील मेथडिस्ट मंडळ्या याच परंपरेतल्या.

मराठीतील ठळक उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला. ऐहिक हिशेबात हा तोटाच. त्यांच्या लेखी तीच कृपा. १९१९ मध्ये ते वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.