परभूमींतील मातृभाषेची शाळा

मूल बोलावयास शिकतें तें आईच्या मांडीवर. परंतु वाचावयास व लिहावयास शिकतें तें शाळेंत. आईची भाषा एक आणि शाळेची भाषा दुसरी असें झालें म्हणजे त्या मुलाचें काय होतें, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाहीं. माझ्या शिक्षकीच्या काळांत एकदां दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्या वर्गांत दाखल झाला. वडिलांची नोकरी परप्रांतांत होती, ते नुकतेच बदलून आले होते. मुलगा मराठी गोड बोले. पण धडा वाचावयास उभा केला तेव्हां तो नुसता पुस्तकाकडे पाहत राहिला. हा हट्ट आहे असें समजून मी त्याच्यावर रागावलों. खरी गोष्ट कळल्यावर मलाच वाईट वाटलें. हुशार मुलगा आपल्याच घरीं पाहुणा झाला होता.

हा प्रश्न स्वीडनसारख्या लहान राष्ट्रानें कसा हाताळला, त्याची हकीगत श्रोत्यांना आज सांगावयाची आहे. तींत एक अपयश आहे आणि एक यश आहे. अपयश अमेरिकेंतील आहे, म्हणून आधीं तिकडे जाऊं.

१६३८ सालीं स्वीडिश लोकांनीं डेलावेअर नदीच्या कांठीं एक वसाहत स्थापिली आणि आपल्या अल्पवयी राणीच्या नांवावरून तेथील किल्ल्यास क्रिस्तीना हें नांव दिलें. १६५५ सालीं ती वसाहत डच लोकांनीं जिंकली व पुढें ती इंग्रजांच्या हातीं गेली. राज्य गेलें तरी माणसें तेथेंच राहिलीं. त्यांनीं मायदेशाकडे धर्मोपदेशक व पुस्तकें मागितलीं. राजा अकरावा चार्लस यानें तीन धर्मोपदेशक आणि त्यांजबरोबर स्वीडिश पुस्तकें पाठविलीं. ही मंडळी १६९७ सालीं तेथें पोंचली. त्यांच्या खटपटीनें विल्मिंग्टन व फिलाडेल्फिया येथें बांधलेलीं दोन देवळें अद्याप उभीं आहेत.

परंतु १७४८ सालीं सुप्रसिद्ध लिनियसचा शिष्य पेर काल्म हा त्या प्रांतांत गेला, तेव्हां त्याला निराळेंच चित्र दिसलें. म्हातारीं माणसें स्वीडिश बोलत. तरुण मात्र इंग्रजीकडे वळले होते. आपण अस्सल इंग्रज दिसणार नाहीं या भीतीनें कित्येकांना आपली भाषा बोलण्याची लाज वाटे, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. अठरावें शतक संपण्यापूर्वीं स्वीडनमधून धर्मोपदेशक पाठविण्याची गरजच उरली नाहीं. देवळें राहिलीं, भाषा गेली.

आतां लंडनकडे वळूं. लंडनच्या बंदरांत स्वीडनचें लोखंड, लांकूड व डांबर उतरत असे. त्या व्यापाराबरोबर व्यापारी व खलाशी आले आणि १७१० सालीं त्यांची स्वतंत्र धर्मसभा स्थापन झाली. १७२८ सालीं बंदराजवळ त्यांचें देऊळ उभें राहिलें. तत्त्वज्ञ स्वीडनबॉर्ग हा १७७२ सालीं लंडनमध्यें वारला, तो याच देवळांत पुरला गेला. कॅप्टन कुक याजबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ सोलँडर यासहि १७८२ सालीं येथेंच मूठमाती मिळाली. १९०८ मध्यें स्वीडनबॉर्गच्या अस्थि स्वदेशीं, उप्साला येथें नेण्यांत आल्या. थोर पुरुषाच्या अस्थि शंभरसव्वाशें वर्षांनीं परत नेतां येतात. मुलांचें तसें नसतें. त्यांना वेळेवरच परत न्यावें लागतें.

या वस्तीची शाळा १९०७ सालीं निघाली. तो काळ ध्यानांत घेण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाखों स्वीडिश लोक अमेरिकेस निघून गेले होते आणि देश ओस पडतो कीं काय, ही चिंता सर्वांना लागली होती. १९०६ सालीं सरकारनें शालेय शुद्धलेखन सोपें केलें. हा हुकूम काढणारे मंत्री फ्रिट्यूव बेर्ग हे स्वतः पूर्वीचे प्राथमिक शिक्षक होते. १९०६ व १९०७ या दोन वर्षांत सेल्मा लागरलॉफ या लेखिकेचें मुलांसाठीं लिहिलेलें भूगोलाचें वाचनपुस्तक दोन भागांत प्रसिद्ध झालें. खोडकर नील्स बोटाएवढा होतो आणि हंसाच्या पाठीवर बसून आपला सारा देश पाहतो, अशी त्याची कथा आहे. शिक्षकांच्या संघानें तें लिहवून घेतलें होतें. १९०८ मध्यें लॅटिनचे प्राध्यापक विल्हेल्म लुंडस्ट्रॉम यांच्या पुढाकारानें गोथेनबर्ग येथें परदेशस्थ स्वीडिश लोकांची भाषा राखण्यासाठीं एक संस्था स्थापन झाली. लंडनची शाळा ही अशा जागृतीच्या दिवसांत जन्मली.

पुढें ही शाळा लंडनच्या नैर्ऋत्येस, थेम्सच्या वळणांत वसलेल्या बार्न्स या भागांत गेली. तिचा अभ्यासक्रम स्वीडनचाच. १९६२ च्या कायद्यानें स्वीडनमध्यें नऊ इयत्तांची शाळा सर्वांना सक्तीची झाली. तिच्यापुढें तीन वर्षांचें उच्च माध्यमिक शिक्षण असतें. परदेशीं शाळा चालविणारे शिक्षक हीच मांडणी संभाळतात, आणि त्यांतच सारें मर्म आहे. वडिलांची बदली कोणत्याहि वर्षीं होवो, मूल मायदेशाच्या त्याच इयत्तेंत जाऊन बसतें. त्याला खालच्या वर्गांत ढकलावें लागत नाहीं. स्वीडिश सरकार अशा शाळांना अनुदान देतें. मात्र तें सरसकट नसून, कामानिमित्त परदेशीं गेलेल्या आपल्या नागरिकांच्या मुलांचा विचार त्यांत मुख्यतः होतो. जेथें शाळा चालण्याइतकीं मुलें नाहींत तेथें आठवड्यांतून थोडे तास मातृभाषेचे वर्ग घेतले जातात, आणि त्यांनाहि साहाय्य मिळतें.

अशा शाळेची अडचण कोणाहि शिक्षकाच्या सहज ध्यानांत येईल. हजेरीपटावरील नांवें एकसारखीं बदलत असतात. एक मूल रुळतें न रुळतें तोंच त्याच्या जाण्याची वेळ येते. शाळेबाहेर पडलें कीं इंग्रजीच कानीं पडते, आणि इंग्रजी शिकूं नये असें कोणी म्हणतहि नाहीं. यजमानाच्या भाषेशीं तिचें वैर नाहीं.

मग डेलावेअरला जें साधलें नाहीं तें लंडनला कां साधलें? डेलावेअरचे लोक कायमचे राहावयास गेले होते. तेथें मातृभाषा देवळापुरती उरली, आणि मुलांना पुढें तिची गरज पडली नाहीं. लंडनच्या बहुतेक मुलांना एक दिवस परतावयाचें होतें, आणि परतल्यावर वर्गांत उभें राहून धडा वाचावयाचा होता. नुसत्या अभिमानावर भाषा फार दिवस टिकत नाहीं. तिचें कांहींतरी काम असावें लागतें.

आमच्या त्या विद्यार्थ्याला मीं शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास बसवूं लागलों. मुळाक्षरांपासून आरंभ केला. वर्षअखेरीस तो धडा वाचूं लागला, आणि पुढच्या इयत्तेंत गेला.