टिकटिक आणि करकर : सायकलच्या मागच्या चाकाचा इतिहास

शाळा सुटल्यावर नववीतली एक मुलगी सायकल हातात धरून आमच्यापुढे उभी राहिली. "सर, मागचं चाक फार ओरडतं. रस्त्यातले लोक वळून बघतात." सायकल तिच्या आजोबांची, दांड्याची, जुनी काळी रोडस्टर. घर सहा किलोमीटरवर, वाटेत एक बऱ्यापैकी मोठा चढ.

आम्ही दोघेही विज्ञान शिकवणारे. चाक उचलून फिरवले. करकर ऐकू आली, तिच्यात मिसळलेली टिकटिकही ऐकू आली. घर्षण म्हणजे आवाज आणि वंगण म्हणजे घर्षणावरचा उपाय, एवढे आम्हाला पाठ होते. घट्ट ग्रीसचा डबा आणला आणि बोटाने जिथे फट दिसली तिथे ग्रीस दाबले. फ्रीव्हीलच्या फटीतही दाबले. टिकटिक पार थांबली, करकरही थोडी कमी वाटली. आम्ही खूश झालो.

चार दिवसांनी ती मुलगी हनुवटीला पट्टी लावून आली. चढावर उभी राहून पायडल मारत असताना पायडल एकदम रिकामे फिरले आणि ती हँडलवर आदळली. सुदैवाने मागून गाडी येत नव्हती.

मग मात्र आम्ही तिची सायकल घेऊन बाजारातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मामांनी हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला. "सर, आवाज पायडल मारताना येत होता, की पाय थांबवल्यावर?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही ते पाहिलेच नव्हते. या एका प्रश्नात मागच्या चाकाची सगळी रचना, आणि तिचा इतिहास दडलेला आहे, हे आम्हाला नंतर कळले. तोच इथे मांडत आहोत.

एका प्रश्नाची तीन उत्तरे

मागच्या चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये, फिरणाऱ्या दोन वेगवेगळ्या जागा असतात. पहिली जागा छर्‍यांची. आस स्थिर असतो आणि त्याच्याभोवती छर्‍यांवरून हब फिरतो. दुसरी जागा फ्रीव्हीलची. फ्रीव्हीलच्या बाहेरच्या कड्यावर चेन बसते. आतला भाग आट्यांनी हबवर घट्ट बसवलेला असतो.

आता विचार करू. सायकल चालते आहे तोवर चाक फिरतेच, मग पायडल मारा किंवा मारू नका. म्हणजे छर्रे दोन्ही वेळा फिरतात. फ्रीव्हीलचे तसे नाही. पायडल मारताना त्याचे बाहेरचे कडे आणि आतला भाग एकमेकांना अडकून एकत्र फिरतात. पाय थांबवले की कडे थांबते आणि आतला भाग चाकाबरोबर फिरत राहतो. म्हणजे फ्रीव्हीलच्या आतले भाग एकमेकांवर घासतात ते फक्त पाय थांबवल्यावर. चेन, पायडल आणि मधला आस यांचे याच्या अगदी उलट. पाय थांबले की तेही थांबतात.

यावरून :
आवाज दोन्ही वेळा येत असेल, तर आधी हबचे छर्रे तपासावेत (मडगार्ड किंवा ब्रेक घासत नाही ना, एवढे पाहून).
आवाज फक्त पाय थांबवल्यावर येत असेल, तर फ्रीव्हील.
आवाज फक्त पायडल मारताना येत असेल, तर बहुधा चेन, पायडल किंवा मधला आस. तेव्हा मागचा हब खोलण्याची घाई करू नये.

एकही नट न उघडता संशयितांची यादी एवढी लहान होते. प्रयोगात एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, असे आपण मुलांना शिकवतो. मामांनी नेमके तेच केले होते.

करकर : छर्‍यांची गोष्ट

बैलगाडीचे चाक आठवा. तुंब्यातून आस गेलेला असतो आणि तुंबा आसावर घसरत फिरतो. तिथे वंगण कमी पडले की गाडी दूरवरून ऐकू येते. सुरुवातीच्या सायकलींची चाकेही अशीच होती. कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम इथे दोन चाकांची गाडी चालवली. तिला पायडल नव्हते, पाय जमिनीला रेटून ती पुढे न्यायची. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. आता माणूस स्वतःच इंजिन झाला, आणि आसावर वाया जाणारी शक्ती त्याच्या मांड्यांना थेट जाणवू लागली.

घसरण्याऐवजी घरंगळू द्यावे ही कल्पना जुनीच आहे. वेल्समधील कारमार्थनच्या फिलिप व्हॉन यांनी १७९४ मध्ये घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले होते. सायकलसाठी असे पेटंट पॅरिसचे कारागीर झ्यूल स्युरिरे यांनी १८६९ मध्ये घेतले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ अशी १२३ किलोमीटरची शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या जेम्स मूर यांच्या सायकलला असे बेअरिंग होते. त्यांना सुमारे १० तास ४० मिनिटे लागली, म्हणजे सरासरी वेग ताशी साडेअकरा किलोमीटरच्या आसपास. आज आपली मुले शाळेत येताना सहज एवढ्या वेगाने येतात.

पण एक अडचण होती. सगळे छर्रे सारख्या आकाराचे नसतील तर काय होईल? जो किंचित मोठा, त्याच्यावर सगळा भार येईल. तो लवकर झिजेल किंवा फुटेल. म्हणजे छर्‍यांची कल्पना पुरेशी नव्हती. हजारो छर्रे अगदी गोल आणि एकसारखे करता यायला हवे होते. जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ मध्ये असे यंत्र बनवले. त्यात कडक पोलादाचे छर्रे घासून एकसारखे गोल करता येत. छर्रे स्वस्त झाले आणि साध्या सायकलीतही बसू लागले. श्वाइनफुर्ट हे बेअरिंगचे गाव बनले. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये, अमेरिकेच्या विमानांनी या गावावर मोठे हल्ले केले ते इथल्या बेअरिंगच्या कारखान्यांसाठी. १४ ऑक्टोबरच्या एका दिवसात अमेरिकेने ६० बाँबफेकी विमाने गमावली. सायकलसाठी घडलेला छर्रा तोवर रणगाडे आणि विमानांच्या पोटात जाऊन बसला होता.

छर्रा आणि कोन यांचा स्पर्श अगदी छोट्या जागेत होतो. दोन लवचिक पृष्ठभाग असे टेकले की किती दाब येतो, याचे गणित हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे विद्युतचुंबकीय लहरींसाठी नाव झालेले हर्ट्झ ते हेच. जागा छोटी, म्हणून दाब प्रचंड. त्यात पावसाचे पाणी आणि माती गेली की पोलादाचे बारीक कण निघतात, कोनावर खड्डे पडतात आणि प्रत्येक छर्रा त्या खड्ड्यातून उडी मारत जातो. आपल्याला ऐकू येणारी करकर म्हणजे या उड्यांचा आवाज. मागच्या चाकावर स्वाराचा अर्ध्याहून जास्त भार असतो. म्हणूनच साध्या रोडस्टरच्या पुढच्या हबमध्ये ३/१६ इंचाचे छर्रे असतात, तर मागच्या हबमध्ये १/४ इंचाचे, प्रत्येक बाजूला नऊ.

टिकटिक : तीस वर्षे थांबलेली कल्पना

आता दुसरा आवाज. फ्रीव्हीलच्या कड्याला आतून तिरके दाते असतात. आतल्या भागावर स्प्रिंगने बाहेर ढकललेल्या छोट्या खिट्ट्या असतात. सायकलवाले त्यांना 'कुत्ते' म्हणतात. पंजाबातल्या रहाटावर चाक उलटे फिरू नये म्हणून जी खिटी बसवत, तिलाही कुत्ताच म्हणत. पायडल मारले की खिट्टी दात्यात अडकते आणि चाक ओढले जाते. पाय थांबले की खिट्टी दात्यांच्या तिरक्या पाठीवरून घसरत, एकेका दात्यावरून पडत जाते. तीच टिकटिक.

अमेरिकेतील विल्यम व्हॅन अँडन यांनी सायकलच्या फ्रीव्हीलचे पेटंट १८६९ मध्येच घेतले होते. स्युरिरे यांच्या छर्‍यांचेही वर्ष तेच! पण छर्रे लगेच स्वीकारले गेले, आणि फ्रीव्हील रूढ व्हायला १८९८ च्या आसपासचा काळ उजाडला. एवढी सोयीची गोष्ट तीस वर्षे का थांबली असेल?

मुलांना हा प्रश्न विचारून पाहा. "लोकांना कळलं नाही" असे उत्तर पहिल्यांदा येते. खरे कारण अधिक मजेशीर आहे. तोवरच्या सायकलींमध्ये चाक फिरले की पायडल फिरायचेच. उतारावर लोक पाय उचलून पुढच्या चिमट्यावरच्या खुंट्यांवर ठेवत आणि पायडल खाली भन्नाट फिरत राहत. गैरसोय होती खरी, पण तिचा मोठा उपयोगही होता. पायडलवर उलटा जोर दिला की चाक मंदावायचे. स्वाराचे पाय हाच त्याचा मुख्य ब्रेक होता. फ्रीव्हील बसवले की हा ब्रेक गेला!

म्हणून फ्रीव्हीलला आधी चांगल्या ब्रेकची वाट पाहावी लागली. जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' १८८५ मध्ये आली आणि चेनने मागचे चाक फिरवण्याची रचना रुळली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. त्यामुळे टायरवर चमच्यासारखी पट्टी दाबणारा जुना ब्रेक निरुपयोगी ठरू लागला, कारण तो टायरच झिजवायचा. १८९६ मध्ये बाउडन यांच्या तारेचे पेटंट झाले आणि रिमवर दाबणारे ब्रेक सोपे झाले. दुसरीकडे, पायडल उलटे दाबले की लागणारे ब्रेक हबच्या आतच बसू लागले. श्वाइनफुर्टमधल्याच एर्न्स्ट झाक्स यांचा 'टॉर्पेडो' हब १९०३ मध्ये आला. त्यात फ्रीव्हील आणि ब्रेक दोन्ही होते.

एखादा शोध एकटा येत नाही, त्याच्या शेजारचे शोध जागेवर असावे लागतात. टिकटिक सर्वत्र ऐकू येऊ लागली, कारण ब्रेक सुधारले होते.

शांततेचा अर्थ

या टिकटिकीला पुढे आणखी एक अर्थ आला. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला १९०२ पासून स्टर्मी-आर्चरचे तीन गिअरचे हब बनू लागले. त्यांचा १९३६ चा 'एडब्ल्यू' हब जगभर गेला. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये पायडल मारतानाही मंद टिकटिक येते. पहिल्या गिअरमध्ये ती येत नाही. कारण पहिल्या गिअरच्या खिट्ट्या वरच्या गिअरमध्ये मोकळ्या घसरत असतात. नवखा माणूस हा आवाज ऐकून घाबरतो. जाणकार मात्र आवाज थांबला तर घाबरतो. खिट्ट्या तेलकट मळात चिकटल्या की त्या वाजत नाहीत, आणि ज्या वाजत नाहीत त्या ऐन वेळी दात्यात अडकतीलच याचा भरवसा नसतो.

आमची चूक आता तुमच्या लक्षात आली असेल. त्या मुलीच्या सायकलला दोन आवाज होते. करकर हा रोग होता, टिकटिक हे आरोग्याचे लक्षण होते. आम्ही दोन्ही एकाच मापाने मोजले. हबच्या छर्‍यांना घट्ट ग्रीस लागते, पण ते आत जायला हब उघडावा लागतो. बाहेरून दाबलेले ग्रीस तिथे फारसे पोचलेच नाही. ते पोचले नको तिथे, खिट्ट्यांच्या बारीक स्प्रिंगांपर्यंत. खिट्ट्या जागीच चिकटल्या. सपाट रस्त्यावर कशाबशा चालून गेल्या, चढावर पूर्ण जोर आला तेव्हा सुटल्या.

मामांनी फ्रीव्हील काढून डिझेलमध्ये बुडवून ठेवले, हाताने फिरवत काळे पाणी काढले आणि शिलाई मशीनचे पातळ तेल सोडले. टिकटिक परत आली. मग हब उघडला. एका कोनावर नखाला लागतील असे खड्डे होते आणि दोन छर्‍यांचे पापुद्रे निघाले होते. त्यांनी कोन बदलला आणि अठराही छर्रे नवे घातले. "दोनच का नाही बदलत?" असे आम्ही विचारले. "जुने झिजून बारीक झाले असतील, सर. मग नव्या दोघांवरच सगळं ओझं येईल." फिशर यांनी १८८३ मध्ये सोडवलेला प्रश्न तो हाच.

वर्गात हे करून पाहता येईल. एखादी सायकल उलटी ठेवा. पायडल धरून ठेवून मागचे चाक सावकाश पुढच्या दिशेने एक पूर्ण फेरा फिरवा आणि टिकटिक मोजा. समजा वीस आल्या. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. तर ताशी १५ किलोमीटर वेगाने पाय थांबवून जाताना एका सेकंदात किती टिकटिक होतील? (उत्तर : सुमारे ३८.) मग सायकल सरळ उभी करा, एकाने मागचे चाक उचलून फिरवावे आणि दुसऱ्याने सीटवर हात ठेवून डोळे मिटावेत. खराब छर्‍यांची थरथर कानाआधी हाताला कळते. शेवटी चाक रिमला धरून आडवे हलवा. खटखट झाली तर कोन सैल आहे. चाक फिरताना अडखळत असेल तर कोन जास्त आवळलेला आहे.

आणि फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येत नसेल, तर ती सायकल चढावर नेण्याआधी दुरुस्तीला न्या. आमच्या शाळेच्या सायकल स्टँडवर आता मुले चाक फिरवून आधी हेच ऐकतात. त्यांना हे शिकवते ती हनुवटीवर छोटा व्रण असलेली मुलगी.