न पाहता सापडलेली चूक

गुरुजी, उद्या वर्गात एक गंमत करून पाहा. सात मुले ओळीने बसवा, 1 ते 7 क्रमांक द्या, आणि 3, 5 व 6 यांना उभे करा. आता तीन टोळ्या धरा: पहिली 1, 3, 5, 7, दुसरी 2, 3, 6, 7, तिसरी 4, 5, 6, 7. प्रत्येक टोळीत उभी मुले दोन, म्हणजे सम. तुम्ही पाठ फिरवा. एकाने खोडी करावी, उभा असला तर बसावे, बसला असला तर उठावे. मग वर्गनायकाला एवढेच विचारा, "कोणती टोळी विषम झाली?" पहिली आणि तिसरी म्हणाला, तर त्यांचे पहिले क्रमांक मिळवा. एक आणि चार पाच. खोडी पाचव्याची!

ही युक्ती रिचर्ड हॅमिंग यांची. 1947 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्यांना गणकयंत्र शनिवार-रविवारीच मिळे. त्या दिवशी देखरेखीला माणूस नसे. चूक आढळली की यंत्र त्यांचे गणित टाकून पुढच्याचे हाती घेई. हॅमिंग चिडले. चूक झाली एवढे यंत्राला कळते, मग कुठे झाली हे का कळू नये? उत्तर त्यांनी 1950 साली प्रसिद्ध केले.

आता भौतिकशास्त्राकडे वळू. अणूंच्या सूक्ष्म सृष्टीत मोठी अडचण अशी, की अनोळखी अवस्थेची हुबेहूब नक्कल निघत नाही. हे 1982 साली सिद्ध झाले. बरे, डोकावून पाहावे, तर ती अवस्थाच बिघडते. मग चूक सुधारायची कशी? पुष्कळांना ते अशक्यच वाटे. पण तुम्ही वर्गात काय केलेत? मुलांकडे न पाहता फक्त सम-विषम विचारलेत! 1995 साली पीटर शोर यांनी नऊ कणांत माहिती विखरून हाच मार्ग दाखवला. तेही बेल प्रयोगशाळेतलेच. पुढच्याच वर्षी ॲन्ड्रू स्टीन यांनी हॅमिंगची सातांची रचनाच वापरून दाखवली.

गोष्ट इथे संपत नाही, मंडळी. 2015 साली अल्मेरी, डाँग व हार्लो यांनी दाखवले, की गुरुत्वाकर्षणाच्या एका गणिती नमुन्यात आतला अवकाश आणि त्याची सीमा यांचे नाते अशाच चूक-सुधारक रचनेसारखे असते. सीमेचा एखादा तुकडा हरवला तरी आतली माहिती उरलेल्या भागातून परत मिळते. तो नमुना म्हणजे आपले विश्व नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. आपल्या विश्वातही तसेच आहे काय, याचा शोध चालू आहे.

उद्या तो पाचवा मुलगा सापडला, की वर्गाला हेही जरूर सांगा.