मुदत संपते ती चेहऱ्याची

ब्रिटनमधील वाहन परवान्याच्या कार्डावर दोन मुदती छापलेल्या असतात. मागच्या बाजूची मुदत गाडी चालवण्याच्या अधिकाराची. ती बहुतेकांच्या बाबतीत वयाच्या सत्तरीपर्यंत चालते. पुढच्या बाजूची मुदत कार्डाची, आणि ती साधारण दहा वर्षांतच संपते. अधिकार शाबूत राहतो, चालकाची परीक्षाही पुन्हा होत नाही. जुने होते ते छायाचित्र.

हे छायाचित्र परवान्यावर फार उशिरा आले. १ जानेवारी १९०४ पासून तिथे परवाना सक्तीचा झाला. पाच शिलिंग भरायचे आणि कागद घ्यायचा. परीक्षा नव्हती, ती १९३५ मध्ये सक्तीची झाली. छायाचित्राचा तर प्रश्नच नव्हता.

पारपत्राचे तसे नव्हते. १९१४ मध्ये कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर चार्ल्स इंग्लिस नावाच्या खऱ्याखुऱ्या अमेरिकी नागरिकाच्या पारपत्रावर ब्रिटनमध्ये वावरत होता. त्या काळच्या अमेरिकी पारपत्रावर छायाचित्र नसे. नाव पाठ असले आणि भाषा नीट बोलता आली की पुरे. ६ नोव्हेंबरला टॉवर ऑफ लंडनमध्ये लोडीला गोळ्या घालण्यात आल्या. डिसेंबरमध्ये अमेरिकेने पारपत्रावर छायाचित्र सक्तीचे केले, पाठोपाठ १९१५ मध्ये ब्रिटनचे नवे पारपत्रही छायाचित्रासह आले.

मग वाहन परवाना इतकी दशके चेहऱ्यावाचून कसा राहिला? उत्तराचा एक धागा डिसेंबर १९५० मधील उत्तर लंडनच्या रस्त्यावर सापडतो. पोलिसाने क्लॅरेन्स विलकॉक या चालकाची गाडी थांबवून ओळखपत्र मागितले. ही ओळखपत्रे १९३९ च्या युद्धकालीन कायद्याने आलेली. युद्ध संपून पाच वर्षे उलटली तरी ती चालूच होती. विलकॉकने ओळखपत्र दाखवण्यास साफ नकार दिला, दोन दिवसांत पोलीस ठाण्यात आणून दाखवण्याची सूचनाही धुडकावली. खटला वरपर्यंत गेला. १९५१ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी त्याचा दोष कायम ठेवला; पण युद्धासाठी केलेला कायदा शांततेत असा वापरल्याने सरळ माणसे गुन्हेगार ठरतात आणि पोलिसांबद्दल कटुता वाढते, असे सरकारलाही सुनावले. हरलेल्या खटल्याने असे यश क्वचितच मिळवले असेल: फेब्रुवारी १९५२ मध्ये ओळखपत्रे रद्द झाली.

सरकारी कागदावरून आपली ओळख पटवण्याविषयीचा संशय मात्र तिथल्या समाजात मुरला. वाहन परवाना नाव, पत्ता आणि सहीवर भागवत राहिला. (उत्तर आयर्लंड याला अपवाद, तिथे परवान्यावर छायाचित्र आधीपासून होते.) १९७६ पासून तर तो सत्तरीपर्यंत वैध झाला, नूतनीकरणाची कटकटच गेली.

१९९८ मध्ये युरोपीय संघाच्या सामाईक नमुन्यानुसार छायाचित्राचे कार्ड आले, आणि गेलेले नूतनीकरण मागच्या दाराने परतले. चेहरा बदलतो, म्हणून दर दहा वर्षांनी नवे छायाचित्र. टाळाटाळ केल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड. आज ऑनलाइन अर्ज करताना सरकार अर्जदाराच्या पारपत्रावरील छायाचित्रच परवान्यासाठी वापरू शकते. हेरांच्या भीतीने पारपत्रावर आलेला चेहरा आता परवान्यावरही उतरतो.

१९९८ पूर्वीचे कागदी परवाने मात्र, नाव-पत्ता बदलला नसेल तर, अजूनही चालतात. त्यांच्यावर चेहरा नाही, त्यामुळे जुना होण्यासारखेही काही नाही.