चकमक, गारगोटी आणि तेउकाय



रोज चौदा नियम धारताना आपण तेउकायाची मर्यादा करतो: इतक्याच चुली, इतकेच दिवे. काडेपेटी नव्हती तेव्हा विस्तव कुठून येत असे, हा प्रश्न मला त्यावरूनच पडला.

घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये विकायला काढली. त्याआधी आपल्या खान्देशात चुलीतला विस्तव रात्री राखेखाली झाकून जपत. विझला तर शेजारणीकडून आणत.

पण सातपुड्याच्या रानात शेजारीण कुठली? तिथे भिल्ल असो की गुराखी, सोबत चकमक हवी: पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि कापूस. गारगोटी आपल्या काळ्या खडकातली, कापूस शेतातला किंवा सावरीचा. ठिणगी मात्र दगडाची नसते. गारगोटीने पोलादाचा बारीक कण खरवडला जातो आणि तो हवेत जळतो. तो कापसावर पडला की कापूस धुमसतो. मग वाळल्या गवतात धरून फुंकर घालायची. कापूस ओला झाला, तर थंडीची रात्र शेकोटीविना जायची.

आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात अग्निकायाच्या हिंसेचा विचार आहे. साधू-साध्वी अग्नी पेटवत नाहीत. आपल्या संसाराला तो लागतोच. राखेतला विस्तव रात्रभर जळत राही. चकमकीत मात्र गरज पडेपर्यंत काहीच जळत नसे. आज लायटर एका बोटावर आहे. म्हणून गरज किती, हे आता आपणच ठरवायचे.